प्रकल्प नोंदी: घाटातली डबल लाईन आणि ते साडेअकरा सेंटीमीटर

३ डिसेंबर

संत्र्याचा आंबिया बहार तोडून व्यापाऱ्याच्या गाडीत गेला, बगीचा आता ताणावर म्हणजे पाणी बंद, तूर अजून हिरवी उभी, कापसाचं माप घ्यायला बाबा असतात, म्हणजे दुकान बंद केल्यावर रात्री दोनेक तास मोकळे मिळून राहिले. मागच्या वर्षी अर्धवट सोडलेला रूट, म्हणजे कॉम्प्युटरवर गाडी चालवायच्या गेमसाठी मी बनवत असलेला रेल्वेमार्ग, पुन्हा उघडला. सिम्युलेटर ओपन रेल्स, फुकट आहे आणि २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरचे जुने रूट, जुनी इंजिनं सगळं त्यात चालतं, आणि मुख्य म्हणजे माझ्या लॅपटॉपवर चालतं. नवीन गेम टाकला की पंखा असा ओरडतो का आई विचारते मोटर सुरू राहिली काय म्हणून.

रूट काल्पनिक आहे हे आधीच लिहून ठेवतो नाहीतर कोणी नकाशा घेऊन बसेल. वऱ्हाडाच्या सपाटीवरून सातपुड्याच्या पठारावर चढणारी डबल लाईन, साडेपाच किलोमीटरच्या आत. अशी लाईन आमच्याकडे नाही, पण गावाच्या उत्तरेला उभं राहिलं की डोंगर दिसतो आणि लहानपणापासून वाटत आलं का इथून गाडी चढली पाहिजे. बस एवढंच कारण.

जमीन एसआरटीएमची घेतली, म्हणजे फेब्रुवारी २००० मधे स्पेस शटलमधून रडारनं मोजलेली उंची, साधारण ३० मीटरला एक ठिपका. सिममधे जमिनीची एक फरशी २०४८ मीटरची आणि तिच्यात दर ८ मीटरला एक ठिपका, म्हणजे मधले ठिपके सगळे अंदाजपंचे भरलेले. नाले पुसट होतात, टेकड्या गोल गोल होतात, चालतंय.

ठरवलेली मापं: दोन लाईनींच्या मध्यापासून मध्यापर्यंत ५.३ मीटर (आपल्या ब्रॉडगेजवर नवीन कामाला हेच किमान अंतर धरतात), चढ १०० ला १ (१०० मीटरमधे १ मीटर, म्हणजे १ टक्का), वळणाची त्रिज्या ५०० मीटर, दोन्ही टोकांच्या यार्डात ४०० ला १ च्या वर चढ नाही. थळ घाट आणि बोरघाटासारखा ३७ ला १ टाकायचा मोह झाला होता पण मग प्रत्येक गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन लावा, ते काढा, परत खाली आणा, त्यातच जीव जाईल.

एक नाव ठरवून घेतो. रेल्वेत अप-डाऊन म्हणजे चढ-उतार नाही, त्याचा डोंगराशी काही संबंध नाही, त्यामुळे इथं मी अप-डाऊन लिहिणारच नाही. डावीकडून वर जाणारी ती चढती लाईन, दुसरी उतरती. गाड्या आपल्याकडे डाव्या बाजूनंच धावतात म्हणून वर जाताना चढती डाव्या हाताला.

६ डिसेंबर

चढती लाईन पूर्ण टाकली. तीन वळणं आहेत: आधी डावीकडे ७० अंश, मग नाल्याच्या कडेनं उजवीकडे ३५, आणि शेवटी डोंगराला वेढा घालत डावीकडे ९०. मधे सरळ तुकडे. एकूण चढाची लांबी ५.४ किलोमीटर, १ टक्क्यानं ५४ मीटर चढतो, आणि पठारावर जिथं निघायला पाहिजे बरोब्बर तिथं निघालो. खालच्या यार्डात मालगाडीसाठी लूप, म्हणजे बाजूला उभं राहायची लाईन, ६८६ मीटरची ठेवली, तेवढी उभी राहायची जागा रेल्वेही धरते.

यार्डातून बाहेर पडताना चढ ०.२५ वरून एकदम १ टक्का करता येत नाही, इंजिनाचं नाक वर आणि डबे खाली असं विचित्र दिसतं, म्हणून ४००० मीटर त्रिज्येचं उभं वळण दिलं, म्हणजे ३० मीटरमधे हळूहळू. दहा-दहा मीटरचे तीन तुकडे टाकले. बाहेरून पाहिलं तर कळतही नाही, पण गाडीत बसून पाहिलं की कळतं.

१० डिसेंबर

उतरती लाईन टाकायला दोनच रात्री लागल्या कारण सगळे आकडे तेच, फक्त वळणाची त्रिज्या जिथं ५०० आहे तिथं ५०५.३ आणि जिथं आपण आतल्या बाजूला आहो तिथं उलटं. चढ सगळीकडे १ टक्का. पोहोचलो वर, वरच्या यार्डाच्या तोंडाशी क्रॉसओव्हर टाकायचा, म्हणजे एका लाईनवरून दुसरीवर जायचा तिरपा जोड, आणि एडिटर जोडूनच नाही राहिला. वरून पाहिलं तर रूळ रुळाला टेकलेला आहे. बाजूनं कॅमेरा जमिनीला लावून पाहिलं तर उतरती लाईन खाली. किती? ३.४ सेंटीमीटर. बोटाच्या दोन पेरांएवढं.

आता ३.४ सेंटीमीटर म्हणजे काय मोठं असं वाटते, साडेपाच किलोमीटरमधे तेवढं तर होणारच, कुठंतरी ढकलून द्यावं. पण रूळ दिसायला जोडलेला आणि गाडीला रस्ता संपलेला असं झालं तर पुढं सिग्नल टाकताना रडायची पाळी येते, मागच्या वर्षी त्याच पायी रूट सोडला होता. म्हणून यावेळी शोधायचं.

११ डिसेंबर

संशय पॉइंटवर. डोकं असं चाललं: पॉइंट, म्हणजे जिथं एका रुळातून दुसरा फुटतो तो, एक अखंड तुकडा, तो चढावर ठेवला का पूर्ण पाटासारखा कलतो, आणि त्याचा फुटणारा पाय तिरपा जातो, म्हणजे त्या पायाचा चढ वेगळा होत असणार आणि तिथंच हे सेंटीमीटर खाल्ले जात असणार. लय हुशारीचं वाटलं तेव्हा.

१२ डिसेंबर

लाईट नव्हती रात्रभर. लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटं. काही नाही झालं.

१३ डिसेंबर

वेगळ्या रिकाम्या फरशीवर तपासणी केली. सपाट जमिनीवर दोन रूळ, मधे १२ ला १ चा क्रॉसओव्हर, जोडला. मग सगळंच्या सगळं १ टक्का कलवलं, पुन्हा टाकला, जोडला. गणित केलं तर १२ ला १ म्हणजे ४.७६ अंशाचा कोन, फुटणाऱ्या पायाचा चढ १ चा होतो ०.९९६५. त्यानं साठेक मीटरमधे फरक पडतो दोन मिलिमीटर. पॉइंट निर्दोष. तीन रात्री त्याच्यावर आळ घेतला.

१४ डिसेंबर

सापडलं! खालच्या यार्डातच सापडलं. चढत्या लाईनीचं उभं वळण जिथं सुरू केलं होतं तिथून उतरत्या लाईनीचं मी २० मीटर पुढं सुरू केलं, कारण तिथं पॉइंट आडवा येत होता आणि मी म्हटलं काय फरक पडते. फरक असा पडला का ते २० मीटर उतरती लाईन ०.२५ नंच चढली, १ नं चढायला पाहिजे होती, म्हणजे पाऊण टक्का गुणिले २० मीटर, १५ सेंटीमीटर मागे राहिली. पॉइंट सरकवला, दोन्ही लाईनींचा चढ एकाच ठिकाणाहून सुरू केला, खुशीत वर गेलो.

आता उतरती लाईन ११.६ सेंटीमीटर वर!

म्हणजे आधी ३.४ खाली होती, चूक दुरुस्त केली तर ११.६ वर गेली. दोन चुका होत्या, एकमेकींना झाकून बसल्या होत्या, एक काढली तर दुसरी उघडी पडली. लॅपटॉप बंद करून झोपलो.

१७ डिसेंबर

या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची आहे, गव्हाला पाणी द्यायला अकरा वाजता वावरात गेलो, बाबा आधीच तिथं शेकोटी करून बसलेले. मोटर सुरू करून बारं लावून दिलं आणि लॅपटॉप मांडीवर घेतला, गुडघ्यावर शाल. बाबा बराच वेळ पाहत होते. मग म्हणे, "हे दोन्ही रूळ एकाच जागून निंगाले ना?"

मी म्हटलं हो. चढ बी सारखाच आहे दोघायचा.

"आन लांबी?"

मी म्हटलं लांबी सारखीच असणार ना बाबा, बाजूबाजूनं तर जातात.

त्यावर बाबा हसले. "खळ्यावर बैल फिरताना तू पायलेच नाही कधी. मेढीजवळ म्हातारा बैल लावो आमी. बाहेरून तरणा. काऊन? म्हाताऱ्याले चालनं कमी पडे."

मी गप. मग मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढला.

बाबांनी खळं पाहिलेलं, मधल्या खांबाभोवती म्हणजे मेढीभोवती बैल फिरवून मळणी करायचं, मी फक्त थ्रेशर पाहिलेलं, त्यामुळे ही गोष्ट मला शाळेतल्या परिघाच्या सूत्रावरून सुचायला पाहिजे होती, आणि सुचली नाही. बाहेरची लाईन वळणावर जास्त चालते. जास्त चालते आणि प्रत्येक मीटरला सारखीच चढते, म्हणून वर पोहोचेपर्यंत जास्त उंच जाते. बस. एवढंच होतं.

किती जास्त चालते त्याचं गणित मात्र मजेशीर निघालं. बाहेरच्या आणि आतल्या लांबीतला फरक म्हणजे दोन लाईनींमधलं अंतर गुणिले एकूण किती वळलो तो कोन. त्रिज्येचा संबंधच नाही. ५०० मीटरचं वळण घ्या नाहीतर २००० मीटरचं, ९० अंश वळलात तर ५.३ मीटर अंतराला फरक ८.३ मीटरचाच. एका अंशाला सव्वानऊ सेंटीमीटर लांबी, म्हणजे १ टक्क्यावर उंचीत एक मिलिमीटरच्या आत. आणि उजवीकडचं वळण डावीकडच्याला फेडतं, म्हणून मोजायचं ते निव्वळ वळण. माझं ७० डावीकडे, ३५ उजवीकडे, ९० डावीकडे, उरले १२५ अंश डावीकडे. १२५ अंशाचे ११.५६ मीटर. त्याचा १ टक्का ११.६ सेंटीमीटर. माझ्या स्क्रीनवरचा आकडा, जसाच्या तसा.

रात्री एक वाजता वावरात ओरडलो तर पलीकडच्या वावरातला माणूस बॅटरी घेऊन आला, त्याला वाटलं रानडुक्कर घुसलं.

बारं फुटलं होतं तेवढ्यात, दोन सऱ्या ओव्हरफ्लो.

१८ डिसेंबर

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून उगाच धुळघाटचा हिशोब केला. अकोला-खंडवा मीटरगेजवर मेळघाटात धुळघाटला गाडी डोंगर चढायला पूर्ण फेरा मारायची आणि आपल्याच रुळावरून पुलानं पलीकडे जायची, आजी अकोटहून त्या गाडीनं गेलेली, ती सांगायची का खिडकीतून खाली आपलाच रस्ता दिसे. ती लाईन एकेरी होती. तीच जर डबल असती, ५.३ च्या अंतरानं आणि १ टक्क्यानं, तर पूर्ण फेऱ्यात बाहेरची लाईन ३३ मीटर जास्त चालली असती आणि ३३ सेंटीमीटर वर निघाली असती. विटांचे चार थर. एक मित्र आहे, त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्याचं उत्तर आलं, "बे तुले कामधंदा नाही काय."

१९ डिसेंबर

आता करायचं काय. तीन रस्ते दिसतात.

पहिला म्हणजे जे ११.६ सेंटीमीटर आहेत ते क्रॉसओव्हरमधेच जिरवायचे. साठेक मीटरच्या तिरप्या जोडाला जास्तीचा ०.१८ टक्के उतार दिला का झालं. लय लोक असंच करत असतील आणि चालत्या गाडीत कोणाला कळणार नाही. पण खऱ्या लाईनीवर पॉइंटच्या जागी लांब स्लीपर असतात, एकाच स्लीपरवर सरळ रूळ आणि फुटणारा रूळ दोन्ही बसलेले, तिथं एक वर एक खाली करताच येत नाही. मला ते डोळ्यात खुपेल.

दुसरा, दोन्ही लाईनी पूर्ण वेगळ्या करायच्या, एक डोंगराच्या वरच्या अंगानं एक खालच्या, मधे झाडं. घाटात नंतर टाकलेली लाईन बऱ्याचदा अशीच वेगळ्या लेव्हलनं जाते. दिसायला तर हेच सगळ्यात भारी. पण मग डबल लाईनीचं सगळं काम दुप्पट, आणि माझा हट्टच बाजूबाजूच्या दोन लाईनींचा आहे.

तिसरा, टक्का सारखा ठेवायचा नाद सोडायचा आणि उंची सारखी ठेवायची. एक लाईन मुख्य धरायची, तिच्यावर प्रत्येक वळणाच्या सुरुवातीची आणि शेवटाची उंची लिहून घ्यायची, आणि दुसऱ्या लाईनीला त्याच उंच्या गाठायला लावायच्या, मग तिचा टक्का काय यायचा तो येवो. बाहेरून जाताना थोडा कमी येईल, आतून जाताना थोडा जास्त. मी हाच घेतला.

इतके दिवस मी दोन्ही लाईनींना सारखा टक्का म्हणजे न्याय समजून बसलो होतो.

२० डिसेंबर

रूळ उपटायच्या आधी चढत्या लाईनीवर भरलेली मालगाडी चालवून पाहू म्हटलं. हे आधीच केलं असतं तर बरं झालं असतं.

डब्ल्यूएजी-९ एक इंजिन, मागे ५८ बॉक्सएन, म्हणजे वरून उघडे मालडबे. एका भरलेल्या बॉक्सएनचं वजन ८१.२८ टन, म्हणजे नुसती गाडी ४७१४ टन. १०० ला १ वर फक्त चढच तिला ४७ टनाच्या जोरानं मागे ओढतो, इंजिनाचं स्वतःचं १२३ टन वजन धरलं तर आणखी सव्वा टन. आणि इंजिनाचा सुटतानाचा जास्तीत जास्त जोर ४६० किलोन्यूटन, म्हणजे तोही ४७ टनाच्याच आसपास. सपाटीवरून पळत आली म्हणून पहिलं वळण पार केलं आणि मग थांबली ती थांबलीच. यात नवल नाही, आधी हिशोब केला असता तर गाडी सोडलीच नसती.

मग ४० डबे घेतले. सरळीवर चाळीसच्या आसपास वेगानं चढत राहिली, मस्त, पण तिसऱ्या वळणात चाकं फिरायला लागली. वळण ७८५ मीटर लांब, गाडी साडेचारशे, म्हणजे पूर्ण गाडी एकाच वेळी वळणात. वळणात चाकाची कड रुळाला घासते, ती ओढ वेगळी, ओपन रेल्स ती धरतो. आणि आपल्या रेल्वेनं त्याचा नियम करून ठेवलाय, मला तो माहीत होता आणि मी वापरला नव्हता: ब्रॉडगेजवर वळणाच्या प्रत्येक डिग्रीला चढ ०.०४ टक्के कमी करायचा. डिग्री म्हणजे १७५० भागिले त्रिज्या. ५०० मीटर म्हणजे साडेतीन डिग्री, म्हणजे वळणात चढ १ नाही, ०.८६ पाहिजे. तेवढं केलं का गाडीला वळण आणि सरळ सारखंच जड.

झालं, म्हणजे चढती लाईनही उपटायची.

२१ डिसेंबर

आणि त्याचा जो परिणाम झाला तो बघा. तिन्ही वळणांची लांबी मिळून १७०५ मीटर, प्रत्येक मीटरला ०.१४ टक्के कमी चढलो, म्हणजे वर पोहोचेपर्यंत २.४ मीटर कमी. वरचं यार्ड अख्खं २.४ मीटर खाली. पठार तर तिथंच आहे, ते कुठं जाणार, म्हणून यार्ड आता कटिंगमधे, म्हणजे जमीन कापून केलेल्या खाचेत बसलं. लाईन अडीचशे मीटर लांबवून वर नेता आली असती पण खालच्या बाजूला तेवढी जागा नव्हती, नाला आहे.

कटिंगमधलं स्टेशन वाईट नाही दिसत. काळ्या दगडाची भिंत लावली दोन्ही बाजूनं.

२७ डिसेंबर

तूर सोंगणं सुरू झालं, तीन दिवस काहीच नाही. आज पुन्हा बसलो आणि दोन्ही लाईनी नव्यानं टाकल्या.

उतरत्या लाईनीचे आकडे लिहून ठेवतो, परत लागतील. सरळ तुकड्यात दोन्ही १ टक्का. डावीकडच्या दोन वळणांत चढती आतून ०.८६, उतरती बाहेरून ०.८५१. उजवीकडच्या वळणात चढती बाहेरून ०.८६, उतरती आतून ०.८६९. बस. तिसऱ्या दशांशाचा खेळ आहे, हजार टनामागे जेमतेम ९० किलोचा फरक, म्हणजे इंजिनाला काही समजत नाही पण रुळाला समजतं. उभ्या वळणाची सुरुवात दोन्हीकडे एकाच किलोमीटरला, यावेळी त्याच्यासाठी पॉइंट ४० मीटर मागे यार्डात घेतला.

प्रत्येक वळणाच्या शेवटी थांबून दोन्हीची उंची वाचली. पहिल्यानंतर फरक १ मिलिमीटर. दुसऱ्यानंतर १. तिसऱ्यानंतर ३. हे आकडे गोल केल्यामुळे. क्रॉसओव्हर टाकला आणि एडिटरनं गुपचूप जोडून घेतला, जसं काही झालंच नव्हतं.

२९ डिसेंबर

जमीन. मला वाटलं जमीन म्हणजे सोपं, बटन दाबलं का रुळाखाली जमीन येते. येते, पण जमिनीचा ठिपका दर ८ मीटरला आणि माझे रूळ ५.३ मीटरवर, म्हणजे दोन लाईनींच्या मधे कुठं एक ठिपका येतो कुठं येतच नाही. जिथं येतो तिथं तो खडीच्या वर टोक काढून बसतो, सरळ लाईनीवर चालता चालता मधेच वारुळ आल्यासारखं. डोंगराच्या वेढ्यात तर एका ठिकाणी हिरवी जमीन उतरत्या लाईनीच्या रुळातून वर आली होती, गाडी तिच्यातून जात होती.

त्यावर उपाय म्हणजे जमीन रुळापेक्षा ३० सेंटीमीटर खाली दाबायची, दोन्ही लाईनींची मिळून एकच रुंद पट्टी धरून. लाईनी एकाच लेव्हलला आल्यामुळे हे करता आलं, आधीसारख्या साडेअकरा सेंटीमीटर वरखाली असत्या तर एक बुडाली असती नाहीतर दुसरी हवेत राहिली असती. मग बाजूनं मुरमाचा उतार हातानं लावला. साडेपाच किलोमीटर. हातानं. हे काम सांगण्यासारखं काहीच नाही, नुसतं करायचं.

२ जानेवारी

दुकानात काकाजी आले, आधार कार्डाची प्रिंट काढायला. काकाजी रेल्वेत गँगमन होते, रिटायर होऊन लय वर्षं झाली. स्क्रीनवर घाट उघडा होता. प्रिंट बाजूला ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. मला वाटलं आता लेव्हलचं कौतुक होईल, मी मोठ्या उत्साहात ते ०.८५१ आणि ०.८६९ सांगितलं. काकाजींनी ऐकूनही घेतलं नाही नीट.

"पोस्टवर शंभर लिवलं त शंभर. ते साहेब लोकायचं काम. मले सांग, डोंगराचं पानी कुठून जाते?"

मी म्हटलं काकाजी, गेममधे पाणी वाहत नाही.

"वायत नाही म्हनून नाली नाही काय? डोंगराकडच्या अंगानं नाली पायजे. आन या दोन लाईनीच्या मधात पानी थांबलं का खडीचा चिखल होते, गाडी गेली का रूळ हापसते, पंपावानी. आमची अर्धी जिनगानी त्याच्यातच गेली."

मग त्यांनी बोट ठेवून ठेवून जागा दाखवल्या, इथं मोरी, इथं मोरी, इथं नाला आहे तं पूल, आन दोन्ही लाईनीखालून एकच मोरी जायला पाहिजे, अर्धी नाही. मी खरंच नाल्यावर चढत्या लाईनीखाली पूल ठेवला होता आणि उतरतीखाली नुसता भराव. एवढे दिवस दिसलं नाही, मी उंचीच पाहत होतो ना.

वरच्या यार्डाबद्दलही विचारलं. "वरतून डबे सुटले तं? सीदे खाली येतील ना बाप्पा." म्हणून यार्डाच्या तोंडाशी एक स्लिप सायडिंग, म्हणजे सुटलेले डबे बाजूला वळवून थांबवायची लाईन टाकली, शेवटी वाळूचा ढीग. काकाजींनी वाळूचा ढीग लहान आहे म्हणून सांगितलं. मोठा केला. प्रिंटचे दहा रुपये घेतले नाही तर रागावले, ठेवूनच गेले टेबलावर.

४ जानेवारी

सहा मोऱ्या, एक पूल दोन्ही लाईनींचा, डोंगराकडून नाली. नालीला ८ मीटरच्या ठिपक्यानं आकार येतच नाही, म्हणून दगडी नालीचं तयार मॉडेल ठेवत गेलो. चढावर तेही कलवावं लागतं, आणि वळणावर तीही आत-बाहेर वेगळी लांब, पण नालीला कोणी विचारत नाही.

६ जानेवारी

चाचणी. चढतीवर डब्ल्यूएजी-९ आणि ४० भरलेले बॉक्सएन, उतरतीवर रिकामी ५८ ची गाडी. दोन्ही एकाच वेळी सोडल्या, उतरती गाडी मी चालवली, चढती संगणकाला दिली. तिसऱ्या वळणात चढत्या गाडीची चाकं फिरली नाही, वेग चाळीसचा सदतीस-अडतीस झाला असेल, पण चालत राहिली. दोघी दुसऱ्या वळणात भेटल्या, पुलाच्या अलीकडे. उतरत्या गाडीच्या खिडकीतून पाहिलं तर शेजारची गाडी बरोबर समोर, चाकं चाकांच्या लेव्हलला, एकही डबा वर नाही खाली नाही. तिथं पॉज करून ठेवलं आणि बाबांना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "म्हातारा बैल कोनता?" मी सांगितलं, या वळणात उतरती. पुढच्यात चढती होईल.

"असं बदलत नसते खळ्यावर," म्हणे.

मग चढती गाडी वर नेऊन क्रॉसओव्हरवरून उतरत्या लाईनीवर घेतली, १५ च्या वेगानं. डबा न हलता गेली.

उरलेलं काम: सिग्नल सगळे, वरच्या यार्डाला नाव, खालच्या सपाटीवर संत्र्याचे बगीचे (झाडाचं मॉडेल मिळालं ते आंब्याचं दिसते, बदलायचं), आणि तिसऱ्या वळणाच्या बाहेर एका मोरीचं तोंड अजून हवेत आहे. पुढच्या आठवड्यात बगीच्याचा ताण तोडायचा, पाणी सोडायचं, म्हणजे थ्री फेज रात्रीची असली तर वावरात बसून सिग्नल होतील.